सरफोजीराजे : पडता काळ आणि अन्नछत्र

तमिळनाडूतील तंजावर शहरातून दक्षिणेला पट्टुकोट्टैच्या दिशेने निघाले की वाटेत ओरत्तनाडु हे गाव लागते. पूर्वी रामेश्वराला पायी जाणारे यात्रेकरू या बाजूने जात असत. या गावात दोनशे वर्षांहून जुनी अशी एक विस्तीर्ण वास्तू आहे. हत्ती आणि घोडे ओढून नेत असलेल्या रथासारखी तिची घडण आहे. ती पाहून नवखा मनुष्य तिला देऊळ समजेल. परंतु ते देऊळ नव्हे, आणि राजवाडाही नव्हे. ते मुक्तांबाळ छत्र आहे. तंजावरच्या मराठी राज्यात छत्र या शब्दाचा अर्थ केवळ अन्नछत्र एवढा नव्हता. धर्मशाळा, भोजनशाळा, पाठशाळा आणि दवाखाना या साऱ्यांचा मेळ म्हणजे छत्र. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे यांनी हे छत्र आपल्या प्रिय सहचरीच्या, मुक्तांबाळच्या, स्मरणार्थ उभारले. मुक्तांबाळ विवाहित राणी नव्हती. मृत्युशय्येवर असताना तिने आपल्या नावाने अन्नदान व्हावे एवढीच इच्छा राजांपाशी व्यक्त केली, असे परंपरा सांगते.

सरफोजीराजांचे नाव आपण बहुधा सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संदर्भात ऐकलेले असते. ग्रंथप्रेमी राजा, विद्वान राजा ही त्यांची ओळख सार्थच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे पाठ्यपुस्तकांतून फारसे लक्ष दिले जात नाही. वर्तमानपत्रांत मंदी आणि महामंदी हे दोन शब्द आपण वारंवार वाचतो. हे दोन शब्द एकमेकांपासून किती दूर आहेत, ते समजून घ्यायचे असेल तर सरफोजीराजांच्या चरित्राकडे वळावे. एका सर्वनाशाच्या काळात त्यांचे बालपण गेले आणि दुसऱ्या, अगदी निराळ्या प्रकारच्या घसरणीच्या तोंडाशी त्यांचा अंत झाला.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजीराजे, यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे राज्य हस्तगत केले. त्या वेळेपासून भोसले घराण्याची एक शाखा कावेरीच्या काठी नांदू लागली. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील ही भूमी सुपीकतेबद्दल दक्षिणेत प्रसिद्ध होती. चोळ राजांच्या काळापासूनचा कल्लणै बंधारा नदीचे पाणी शेकडो कालव्यांतून भातखाचरांकडे वळवीत असे. पाऊस थोडा इकडेतिकडे झाला तरी शेजारच्या कोरडवाहू मुलखाप्रमाणे येथे लगेच हाहाकार उडत नसे. परंतु पाण्यावर चालणारी शेती माणसांच्या मेहनतीवरही तेवढीच अवलंबून असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दरवर्षी कालव्यांतील गाळ काढावा लागतो, बांध सावरावे लागतात, बैल पोसावे लागतात, पुढच्या हंगामासाठी बियाणे राखून ठेवावे लागते. यांतील एक जरी गोष्ट तुटली तरी नदी भरून वाहत असतानाही शेत कोरडे राहते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुळजाराजे तंजावरच्या गादीवर होते. त्यांचा काळ विवंचनेत गेला. अर्काटचा नवाब आणि त्याच्या पाठीशी असलेली इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी या दोघांचा डोळा तंजावरच्या भातावर होता. १७७३ मध्ये नवाबाने कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने तंजावर घेतले. १७७६ मध्ये कंपनीनेच तुळजाराजांना पुन्हा गादीवर बसविले. राज्य परत मिळाले खरे, पण फौजेच्या खर्चाचा आणि खंडणीचा बोजा मानेवर बसला. तो बोजा शेवटी साऱ्याच्या रूपाने शेतकऱ्याच्याच पाठीवर येणार होता. अशा दिवसांत, २४ सप्टेंबर १७७७ रोजी, भोसले घराण्याच्या एका शाखेत सरफोजींचा जन्म झाला. हा मुलगा पुढे राजा होईल असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल.

सरफोजी जेमतेम चार वर्षांचे असतील, तेव्हा म्हैसूरचा हैदरअली तंजावरच्या मुलखात उतरला. ते साल १७८१. तंजावरचा किल्ला इंग्रजांच्या शिबंदीमुळे टिकला, परंतु किल्ल्याबाहेरील सारा प्रदेश हैदराच्या फौजेच्या हाती सापडला. उभी पिके जाळली गेली, गुरे हाकून नेण्यात आली, बांध फोडले गेले. हजारो मुले पकडून म्हैसूरकडे नेण्यात आली. ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी हा आकडा बारा हजार असा नोंदविला आहे. १७८२ च्या फेब्रुवारीत हैदराचा मुलगा टिपू याने कुंभकोणमजवळ कर्नल ब्रेथवेटच्या इंग्रजी तुकडीचा पराभव केला. त्याच वर्षाच्या अखेरीस हैदर मरण पावला आणि १७८४ मध्ये युद्ध संपले.

युद्ध संपले, मग शेती पूर्ववत सुरू व्हावयास हवी होती. ती झाली नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी आपण थोडे थांबून मंदी आणि महामंदी यांतील भेद पाहू.

देशातील उत्पादन, व्यापार आणि रोजगार काही महिने सतत घटत गेला की त्या स्थितीस मंदी म्हणतात. लागोपाठ दोन तिमाहींत राष्ट्रीय उत्पन्न घटले म्हणजे मंदी आली, असा एक ढोबळ संकेत रूढ आहे. महामंदीची मात्र सर्वमान्य अशी व्याख्या नाही. उत्पादन एक दशांशाहून अधिक घसरले, किंवा घसरण दोनतीन वर्षांहून अधिक काळ चालू राहिली, तर तिला महामंदी म्हणावे, असे काही जण सांगतात. आपल्या देशात १९७९-८० साली दुष्काळ आणि तेलाची दरवाढ यांमुळे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे पाच टक्क्यांनी घटले, पण पुढच्याच वर्षी ते पुन्हा वाढले. २०२०-२१ मध्ये कोरोनाच्या साथीने ते सुमारे सहा टक्क्यांनी घटले आणि त्यापुढील वर्षी सावरले. या दोन्ही वेळा सामान्य माणसाचे फार हाल झाले. कित्येकांचे रोजगार कायमचे गेले. तरीही अर्थशास्त्राच्या भाषेत ती मंदीच होती. याउलट १९२९ नंतर अमेरिकेत जे घडले ती महामंदी. चार वर्षांत तेथील उत्पादन चतुर्थांशाहून अधिक घटले आणि १९३३ मध्ये कामकऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक बेकार होते.

परंतु हा भेद केवळ टक्क्यांचा आणि महिन्यांचा नव्हे. शेतकरी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. एका वर्षी पीक बुडाले तर घरचे लोक अर्धपोटी राहतात, कर्ज काढतात, पण बैल आणि बियाणे सांभाळतात. पुढच्या वर्षी पाऊस पडला की नांगर शेतात जातो. ही झाली मंदी. मात्र पोटासाठी बैल विकले गेले, बियाणे खाऊन संपले, सावकाराने दार लावून घेतले आणि घरातील कर्ती माणसे परागंदा झाली, तर पुढच्या वर्षीचा चांगला पाऊसही उपयोगी पडत नाही. सावरण्याची साधनेच नाहीशी झालेली असतात. महामंदी ती हीच. कारखान्यांच्या देशातही असेच घडते. बँका बुडतात, यंत्रे गंजतात, व्यापाऱ्यांचा परस्परांवरील विश्वास उडतो, आणि मागणी परत आली तरी तिला उत्तर देणारे कोणी उरत नाही.

हैदराच्या स्वारीनंतरच्या तंजावराला महामंदी हा शब्द लावणे सर्वच अर्थशास्त्रज्ञांना रुचणार नाही. ही आपत्ती बाजारातून आलेली नव्हती, तलवारीने आणलेली होती. हा आक्षेप योग्य आहे. परंतु परिणाम पाहिला तर दुसरा शब्द सुचत नाही. माणसे गावे सोडून गेली होती. जी उरली होती ती शेत कसण्यास धजत नव्हती. कारण पीक आले तरी ते साऱ्यात आणि सरकारी अंमलदारांच्या जाचात जाणार, असा त्यांचा अनुभव होता. तुळजाराजांचे कारभारी वसुलीसाठी कठोर झाले, तेव्हा आणखी लोक निघून गेले. पुढे कंपनीने देखरेखीसाठी एक समिती नेमली आणि शेतकऱ्यांना परत बोलावण्यासाठी श्वार्ट्झ यांची मदत घेतली. आता जुलूम होणार नाही असे त्यांनी वचन दिले आणि सुमारे सात हजार माणसे आपल्या शेतांकडे परतली, अशी नोंद आहे. तंजावरच्या खजिन्याला जे जमले नव्हते, ते एका परक्या माणसाच्या शब्दाने झाले. विश्वास हेही बियाण्यासारखेच भांडवल असते, हे या घटनेवरून दिसून येते.

तुळजाराजांना वारस उरला नव्हता. १७८७ मध्ये, मृत्यूपूर्वी थोडे दिवस, त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांच्या पालनाची जबाबदारी श्वार्ट्झ यांच्यावर सोपविण्याची इच्छा दर्शविली. तुळजाराजांच्या निधनानंतर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असा वाद उपस्थित केला. पंडितांचा कौल आणि कंपनीची संमती मिळवून ते स्वतः गादीवर बसले. बाल सरफोजींच्या वाट्याला एक प्रकारची नजरकैद आली. त्यांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झाले. जिवालाही धोका आहे अशी शंका घेतली जाऊ लागली. शेवटी श्वार्ट्झ यांच्या खटपटीने १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे अध्ययन झाले. इंग्रजीबरोबर गणित, भूगोल, निसर्गविज्ञान यांची गोडी त्यांना लागली. धर्मोपदेशकांच्या सहवासात वाढूनही त्यांनी आपला धर्म सोडला नाही, आणि धर्म न सोडताही आपल्या गुरूविषयीची कृतज्ञता त्यांनी जन्मभर जपली. श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लंडमधील शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

दत्तकविधानाचा फेरविचार झाला, दुसऱ्या पंडितांनी ते वैध ठरविले आणि १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. त्या वेळी ते एकवीस वर्षांचेही नव्हते. परंतु गादीची किंमत लगेच वसूल झाली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग राहिला. त्यांना दरसाल एक लक्ष होन आणि राज्याच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा द्यावयाचे ठरले. सारा किती घ्यावा, सूट केव्हा द्यावी, कालवे कधी दुरुस्त करावे, यांपैकी कोणताही निर्णय आता राजांच्या हाती नव्हता. राजा होता, राज्य नव्हते.

या ठिकाणी सरफोजींच्या आयुष्याला वळण लागते. हातातून गेलेल्या गोष्टींबद्दल कुढत बसण्याऐवजी हातात काय राखता येईल, याचा त्यांनी विचार केला. पूर्वजांनी स्थापिलेली छत्रे तंजावर मुलखात ठिकठिकाणी होती आणि त्यांच्या खर्चासाठी जमिनी तोडून दिलेल्या होत्या. कारभार कंपनीकडे गेल्यावर या जमिनीही जातील अशी धास्ती निर्माण झाली. तेव्हा १८०१ च्या आरंभी सरफोजीराजांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक सविस्तर पत्र लिहून छत्रे आपल्याकडेच ठेवावीत अशी विनंती केली. हे पत्र उपलब्ध आहे. राजकीय अर्जाचा एरवीचा रूक्षपणा त्यात नाही. छत्रात रोज काय घडते, ते राजांनी बारकाईने लिहिले आहे.

ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येणाऱ्या प्रत्येकास, तसेच जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व पंथांच्या यात्रेकरूंना तेथे शिजविलेला भात मिळत असे. जे दुसऱ्याच्या हातचे खात नसत त्यांना शिधा दिला जाई. वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले असल्यास त्यांना बोलावले जाई, आणि त्यांच्यासाठी ठेवलेले अन्न वाढले जाई. आजारी वाटसरूला बरे वाटेपर्यंत औषधपाणी आणि पथ्याचे जेवण मिळे. त्यासाठी वैद्य नेमलेले होते, विषबाधेवर उपचार करणारेही होते. लहान मुलांना दूध मिळे. वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची व्यवस्था छत्रातच होई आणि नंतर तीन महिने तिला तेथे राहता येई. ज्या मुलांचे आईबाप प्रवासात दगावले असतील त्यांना गुरुजींच्या हवाली केले जाई. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण आणि चार दिवसांतून एकदा अंगाला लावण्यास तेल मिळे. त्यांना शिकवून मोठे करीत आणि त्यांच्या लग्नाचा खर्चही करीत.

या तपशिलात दोष काढता येतील. त्या काळच्या रीतीप्रमाणे सर्वांची पंगत एक नव्हती. छत्राला तोडून दिलेल्या जमिनीवर राबणारे मजूर बहुतांशी पिढीजात बांधलेले होते आणि छत्रात वाढला जाणारा भात त्यांच्याच घामाचा होता. हे लपविण्याचे कारण नाही. तरीदेखील मध्यरात्रीच्या त्या घंटेचे महत्त्व कमी होत नाही. ज्या राज्यात वीस वर्षांपूर्वी मुले पळवून नेली गेली होती, तेथे परक्याच्या पोरक्या मुलाला तेल लावून आंघोळ घालण्याची तजवीज लेखी होती. राजांचे स्वतःचे बालपणही परक्यांच्या आश्रयाने पार पडले होते, हा विचार येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

छत्रे राजांकडे राहिली. ओरत्तनाडुचे मुक्तांबाळ छत्र याच सुमारास उभे राहिले. तेथे आणि जवळच्या कण्णंदंगुडी येथे सरफोजीराजांनी मुलांसाठी विनाशुल्क शाळा चालविल्या. राजवाड्याच्या आश्रयाने त्यांनी जी विद्याकेंद्रे उभारली त्यांना नवविद्या या शब्दाची जोड दिलेली आढळते. जुन्या विद्यांबरोबर नव्या विद्याही आपल्या माणसांना आल्या पाहिजेत, हा आग्रह त्या शब्दातच आहे. छापखान्यासाठी त्यांनी देवनागरी टंक पाडून घेतले. इसापच्या गोष्टींचे बाळबोधमुक्तावली हे मराठी भाषांतर या छापखान्यात १८०६ मध्ये छापले गेले. महाराष्ट्रात मराठी छपाई रुजण्याआधी तंजावरात देवनागरी मराठी पुस्तक छापले जात होते, ही गोष्ट अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेखही त्यांच्याच आज्ञेने तयार झाला.

त्यांच्या ज्ञानव्यासंगाबद्दल स्वतंत्र पाठ लिहावा लागेल. सरस्वती महालातील हस्तलिखितांची वाढ, धन्वंतरी महालातील औषधांचे प्रयोग, डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी, जगाच्या भूगोलाची माहिती देणारे देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाट्य, यांचा येथे केवळ उल्लेख करून पुढे जाऊ.

पट्टुकोट्टैपलीकडे समुद्रकिनारी मनोरा नावाची अनेक मजली षट्कोनी वास्तू आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ सरफोजीराजांनी ती १८१४-१५ च्या सुमारास बांधली. ज्या कंपनीने राज्य काढून घेतले तिच्या विजयाचे स्मारक राजाने उभारावे, हे आज आपल्याला खटकते. आश्रित राजाला असे शिष्टाचार पाळावे लागत, एवढेच म्हणता येईल. परंतु त्या युद्धाच्या समाप्तीने युरोपात आणि हिंदुस्थानात काय घडणार आहे, याची कल्पना मनोऱ्याचा पाया घालणाऱ्यांपैकी कोणालाच नसावी. युद्ध थांबताच इंग्लंडात मंदी आली. सैन्यासाठी होणारी खरेदी बंद पडली, भाव उतरले, घरी परतलेले सैनिक बेकार झाले. १८१३ मध्येच कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारावरील मक्तेदारी संपली होती. आता मँचेस्टरच्या गिरण्यांचे स्वस्त कापड येथे येऊ लागले. मद्रास किनाऱ्यावरून परदेशी जाणारे हातमागाचे कापड हळूहळू थांबले, आणि त्याच्या मोबदल्यात येणारी चांदीही आटली.

१८२० नंतर मद्रास इलाख्यात धान्याचे भाव उतरू लागले. हा पडता काळ हैदराच्या काळाहून अगदी निराळा होता. या वेळी शेते जळाली नव्हती, बांध फुटले नव्हते. खळ्यावर भात येत होते. पण विकावयास गेले तर त्याला पैसा येत नव्हता. सारा मात्र रोख द्यावा लागे. समजा, एका शेतकऱ्याला दहा मापे भात विकून सारा भागविता येत होता. भाव निम्मा झाला तर त्याच साऱ्यासाठी त्याला वीस मापे भात विकावे लागणार. सर्वांनाच अधिक विकावे लागल्याने बाजारात धान्याचे ढीग लागतात आणि भाव आणखी उतरतो. सरकारने वसूल केलेला पैसा गावात परत खेळला असता तर काही आधार मिळाला असता. पण त्याचा मोठा भाग इलाख्याबाहेर जात होता. नाणे दुर्मीळ झाले, धान्य मुबलक असूनही गावे कंगाल झाली. तंजावरात १८२२ नंतर ओलुंगू नावाची सारापद्धत आली. तीत धान्याचा भाव ठरावीक मर्यादेपलीकडे चढला वा उतरला तर साऱ्यातही फेर करण्याची तरतूद होती. त्यामुळे तंजावरच्या रयतेला इतर जिल्ह्यांपेक्षा थोडा तरी श्वास घेता आला. ही शहाणपणाची तरतूद होती, असे म्हटले पाहिजे.

अशी घसरण एक-दोन वर्षांत संपली असती तर तिची गणना मंदीत झाली असती. ती तीन दशके रेंगाळली. मद्रास विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक पी. जे. थॉमस यांनी पुढे विसाव्या शतकात या काळाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी त्यास सरळ महामंदीच म्हटले.

सरफोजीराजांना या घसरणीचा आरंभ दिसला. तिचे पूर्ण रूप दिसले नाही. १८२० मध्ये ते सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेस निघाले आणि १८२२ मध्ये परतले. वाटेत त्यांनी तीर्थे पाहिली, हस्तलिखिते मिळविली, घाटांची आणि देवळांची चित्रे काढवून घेतली. स्वतः यात्रेकरू झालेल्या या राजाला परमुलखातील धर्मशाळांतून उतरताना ओरत्तनाडुची आठवण झाली असेल काय? कागदपत्रांत त्याचे उत्तर शोधण्याची सोय नाही. परत आल्यावर त्यांचे दिवस ग्रंथालयात, औषधशाळेत आणि छत्रांच्या व्यवस्थेत जात. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आला. राजांच्या विद्वत्तेने आणि अगत्याने तो प्रभावित झाला.

रयतेच्या दृष्टीने पाहता राजांच्या हाती फारच थोडे होते. महामंदी उठवावयाची तर सारा कमी करणे, सरकारने बांधकामे काढून लोकांच्या हाती पैसा देणे, चलनाची टंचाई दूर करणे असे उपाय करावे लागतात. ते सारे कंपनीच्या अखत्यारीत होते. राजांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा एक भाग मुलखाच्या वसुलावर अवलंबून होता. छत्रात भात वाढून भाव चढत नाहीत आणि गेलेले बैलही परत येत नाहीत. छत्रामुळे होते ते इतकेच, की पडता काळ सरेपर्यंत काही माणसे जगतात, काही मुले शिकतात. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे निधन झाले. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले होते.

त्यांच्या मागे पुत्र शिवाजी गादीवर आले. १८३६ पासून आर्थर कॉटन या अभियंत्याने कावेरीवर, कोल्लिडम फाट्याशी नवा बंधारा बांधण्यास सुरुवात केली आणि तंजावरच्या कालव्यांना पाण्याचा भरवसा आला. १८५० नंतर कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया येथील सोन्याने जगभर भाव वाढले, मद्रास इलाख्यात रेल्वेची व इतर कामे निघाली, साऱ्याचे दर खाली आले. तेव्हा कुठे पडता काळ सरला. शिवाजीराजे मात्र तोवर टिकले नाहीत. १८५५ मध्ये ते पुत्राविना मरण पावले आणि तंजावरचे नाममात्र राज्यही कंपनीने खालसा केले. छत्रांचा कारभार पुढे सरकारच्या हाती गेला.

१९२९ नंतरच्या जागतिक महामंदीत तंजावरचा भात पुन्हा एकदा मातीमोल भावाने विकला गेला. याच दिवसांत प्राध्यापक थॉमस शंभर वर्षांपूर्वीचे कागद चाळीत होते, आणि याच दिवसांत कावेरीवर मेट्टूर येथे मोठ्या धरणाचे बांधकाम चालू होते. १९३४ मध्ये ते पुरे झाले. त्याबरोबर खोदलेल्या नव्या कालव्याने कल्लणैपासून निघून पूर्वी कोरडा असलेला दक्षिणेकडील प्रदेश भिजविला. सरफोजीराजांच्या काळी कावेरीचे पाणी न पोहोचलेल्या ओरत्तनाडुच्या शिवारात ते या कालव्याने आले.